पळसदेवची चिठ्ठी

काल्याचं कीर्तन संपलं आणि बुवांच्या गळ्यातला हार अजून ओला होता, तोवर आबासाहेबांनी माइक हातात घेतला.

बानूबाईला ते आवडलं नाही. हंडी फुटली, दह्यात कालवलेल्या लाह्यांचा घास हातावर पडला, की माणसानं जरा गप्प बसावं, कानात साठलेलं खाली उतरू द्यावं, असं तिचं मत होतं. आज तर बुवांनी काला काय रंगवला होता. देवानं सगळ्या सवंगड्यांच्या शिदोऱ्या मागून घेतल्या. कुणाची लोण्याची, कुणाची शिळ्या भाकरीची, एकाजवळ तर नुसतं आंबलेलं ताक. तो बिचारा लाजून मागं लपला, तर देवानं आधी त्याचंच मडकं ओढून घेतलं. सगळं एका कांबळ्यावर ओतलं आणि आपल्या हातानं कालवलं. मग बुवांनी टाळ थांबवले, पखवाज थांबवला, आणि भर मंडपाला विचारलं, "आता वळखा. यातली मालकाची शिदोरी कुठली आन् गड्याची कुठली?" मंडपात चिडीचूप. बानूबाईच्या डोळ्यांना तर धारच लागली. तिचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं, कांबळ्यावर जेवण्यात गेलेलं.

ते पाणी पदरानं टिपते न टिपते, तोवर थोरल्या दिरांचा आवाज कर्ण्यातून घुमला.

"मंडळी, बसून घ्या. पंगतीला येळ हाय. एक आनंदाची बातमी सांगायची हाय. आमची मनिषा, आमच्या म्हस्कूची सून, आता डाक्टर होणार. सुईवाली न्हवं, पुस्तकाची. चौथीच्या पोरांच्या गणिताचं ती पुस्तक लिवतीया, आन् त्या पुस्तकात आपल्या सोनबा विद्यामंदिराचं नाव जाणार. बारामती आन् इंदापूर दोन्ही तालुक्यांत आपली शाळा कितव्या नंबराला, ते पुण्याच्या विद्यापीठात छापून येणार."

कळंबच्या मंडपानं टाळ्या वाजवल्या. बुवांनीही बसल्या जागेवरून हात जोडून शाबासकी दिली. बानूबाईनं पंगतीकडं पाहिलं. तिची सून मनिषा बुंदीची बादली घेऊन उभी होती. तिचा चमचा बादलीतच राहिला होता, आणि पत्रावळीवर हात धरून बसलेला म्हातारा तिच्या तोंडाकडं बघत होता.

बानूबाईनं मनात म्हटलं, बिरोबा, आता काय तरी होणार.

*

पंगती उठल्या, बुवांची गाडी गेली, आणि घरची माणसं अंगणातल्या लिंबाखाली टेकली. आबासाहेब बाजेवर पानाला चुना लावत होते. त्यांच्या पायाशी त्यांचा शंभूराज, शाळेचा मुख्याध्यापक, खिशाला दोन पेनं. बानूबाईचा सूरज वालचंदनगरला कारखान्यात केमिस्ट. तो दोन्ही गटांपासून सारख्याच अंतरावर, पायरीवर बसला होता. लहानपणापासून तो असाच बसायचा. बानूबाई स्वतः उंबऱ्याच्या आत, पदर पुढं ओढून. थोरल्या दिरांसमोर ती कधी बोलली नव्हती. बोलायचं झालंच तर भिंतीला सांगायची, आणि भिंत ते आबांना सांगायची.

मनिषा आली ती उभीच राहिली.

"आबा, आपली शाळा माझ्या अभ्यासात नाही."

"नसंल तर घाल."

"घालता येत नाही."

"का? शाई संपली?"

शंभूराज मोठ्यानं हसला. मनिषा हसली नाही.

"दोन्ही तालुक्यांतल्या झाडून सगळ्या शाळांची नावं मी चिठ्ठ्यांवर लिहिली होती. साखर कारखान्यांच्या गावातल्या, वाड्यावस्त्यांवरच्या, सगळ्या. कॉलेजात मंदाकिनीबाईंसमोर, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांसमोर, त्या कळशीत घातल्या, कालवल्या आणि चाळीस काढल्या. आपली निघाली नाही."

"मग कुणाची निघाली?"

"माझ्या माहेरची, कोऱ्हाळ्याची निघाली. पळसदेवची निघाली. उजनीच्या पाण्याकाठी वस्तीशाळा आहे ती."

"मासं धरणाऱ्यांची?" आबासाहेबांनी पान तोंडात टाकायचं थांबवलं. "त्यांची पोरं शाळंत येत्यात तरी का? सकाळी बापासंगं जाळं वढायला जात्यात. ती शाळा काढून टाक, आपली घाल. आकडा तर चाळीसच ऱ्हातोय. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय, आबा."

बाजेची दोरी करकरली. आबासाहेब पुढं सरकले. "हे बग पोरी. मी सगळ्या गावापुढं शबूद दिलाय. बुवांपुढं. काल्याच्या दिवशी. तू मला आधी का सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही विचारलंच कधी? दिवाळीत मी सांगायला आले तर तुम्ही म्हणालात, पोरी, ते तुझं तू बघ."

हे खरं होतं. बानूबाई तिथंच भाकऱ्या थापत होती. घरची सून पुस्तक लिहिते म्हणजे घरची शाळा त्यात असणारच, यात विचारायचं काय, असं आबा धरून चालले होते. लग्नाच्या पत्रिकेत जसं निमंत्रक म्हणून आपलं नाव असणारच, तसं.

आबासाहेबांनी आता नरमाईचा सूर धरला. "बरं. मग पुन्यांदा काढ चिठ्ठ्या. आमच्या म्होरं काढ. कुणाची फसवणूक न्हाय, कुणाचं नाव खोडायला नको. न्हाय निघाली तर आजूनेक डाव काढ."

"निघेपर्यंत?"

"निघंस्तवर."

"मग चिठ्ठ्या कशाला, आबा? सरळ नावच लिहू की."

पायरीवरून सूरज पहिल्यांदा बोलला. "मनिषा, एवढं ताणायला नको. चाळीसातली एक तर शाळा हाय. आबांचा मान ऱ्हाईल, तुझं बी काम हुईल."

बानूबाईनं डोळे मिटून घेतले. बापावर नाही गेला माझा लेक, तिला वाटलं. त्याचा बाप म्हस्कू भांडणात पडायचा नाही, पण पडला की एका बाजूला पडायचा.

मनिषा नवऱ्याकडं वळली. "तुम्ही चौथीत स्कॉलरशिपला बसला होता. आठवतंय?"

"तेचं आता काय?"

"गणित काय आलं होतं?"

सूरजनं मान खाली घातली. हसला थोडंसं, कडू. "लिफ्टचं. सातव्या मजल्यावरनं लिफ्ट चार मजले खाली आली, मग दोन मजले वर गेली."

"मग?"

"मला लिफ्ट म्हंजी काय ते ठावं न्हवतं. आमी मजला बी कुठं बघितला होता. मला वाटलं ती विहिरीतली मोट असंल. मग सातव्या मजल्यावर कशी जाईल, ह्या इचारातच येळ संपला."

"आणि गुरुजींनी वर्गात काय सांगितलं?"

सूरजच्या ऐवजी बानूबाई भिंतीला म्हणाली, "ढ हाय म्हणले. महिनाभर पोरगं जेवलं न्हवतं धड."

"वजाबाकी यांना येत होती, आत्या. लिफ्ट येत नव्हती. परीक्षेनं मोजलं भलतंच आणि नाव दिलं गणिताचं." मनिषाचा आवाज चढला नव्हता, पण आता तो अंगणाच्या टोकापर्यंत जात होता. "मी दुसरं काही करत नाही. मी माप बनवते. आपल्या मुलुखातल्या चौथीच्या पोराला गणित किती येतं, त्याचं माप. ते माप बनवतानाच मी पळसदेवची पोरं बाहेर काढली, तर उद्या तेच माप त्यांना लावतील आणि म्हणतील, ही पोरं ढ. आबा, धान्य मोजायच्या पायलीला खालून भोक पाडायचं आणि वर म्हणायचं पीक कमी आलं, असं होईल ते. मला ते करायचं नाही."

"पर आपल्या शाळंनं काय घोडं मारलंय?" शंभूराज म्हणाला. त्याला आता चेव आला होता. "वहिनी, आमची पोरं हुशार हायत. तुमच्याच पुस्तकाचं वजन वाढंल."

"भावजी, मग एक करते. पुस्तकात नाही, पण आपल्या शाळेची परीक्षा मी घेते. परवा मंगळवारी. तोच पेपर. तुम्ही आणि सगळे गुरुजी बाहेर पटांगणात बसायचं, वर्गात मी एकटी. निकाल येईल तसा आबांच्या हातात देते. आबांनी तो माइकवर वाचावा."

शंभूराजनं पेनं खिशात नीट केली. "मंगळवारी... मंगळवारी पोरांची सहल हाय."

"बुधवारी?"

"बुधवारी अर्धी पोरं दमलेली असत्यात." त्यानं घसा साफ केला. "तसं बघाय गेलं तर आबा, वहिनी म्हणत्यात ते शास्त्राला धरून हाय. चिठ्ठी म्हंजी चिठ्ठी."

आबासाहेबांनी आपल्या मुलाकडं बराच वेळ पाहिलं. मग पिंक टाकली.

"कॉलेजात शिकवायचं सोडून घेतलेली तुझी ही अकरा म्हयन्यांची रजा," ते मनिषाला म्हणाले, आणि आता त्यांच्या आवाजात चुना-कात काही राहिलं नव्हतं, "ती कुणाच्या शब्दानं मिळाली? कॉलेजच्या संस्थेच्या कमिटीवर मी बसतो. सोमवारी बैठक हाय. मी म्हणलो रजा रद्द, तर मंगळवारी तुला फळ्याम्होरं हुबं ऱ्हावं लागंल. मग घे परीक्षा, कवा घ्यायच्या त्या. आन् तुझी छकुली ह्या घरात सांभाळतंय कोण, ते बी बघतो."

आता सगळ्यांना कळलं. चौथीच्या वर्गांना पुढच्या महिन्यात सुट्टी लागणार. तेवढ्यात पेपर झाले नाहीत तर वर्ष गेलं, आणि विद्यापीठानं दिलेली मुदत याच वर्षी संपत होती. वर्ष गेलं की पीएच.डी. गेली. कंदिलावर, मग बल्बवर, मग लाइट गेली की पुन्हा कंदिलावर केलेली सगळी आकडेमोड चुलीत.

मनिषानं पदर कमरेला खोचला. "रद्द करा," ती म्हणाली. "पण चिठ्ठी बदलणार नाही."

आबासाहेब उठले. त्यांच्याहून वरचढ असा या घरात एकच होता, आणि तो माणूस नव्हता. "मग देवाला इचारू. ह्या घरात देवाच्या वर कुणी न्हाय. बानूबाई, कौल लावा."

*

बिरोबाचं ठाणं मळ्याच्या बांधावर, हाकेच्या अंतरावर होतं. छप्पर नाही, भिंत नाही. शेंदूर-भंडाऱ्यानं माखलेला एक दगड आणि भोवती दगडांचं रिंगण. मेंढरं गेली, तिथं ऊस आला, पण हा दगड जागचा हलला नव्हता. सासू गेल्यापासून कौल लावायचा मान बानूबाईकडं होता. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली पाकळी चिकटवायची, प्रश्न सांगायचा आणि बसायचं. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

तिनं हातपाय धुतले. शेवंतीच्या दोन पाकळ्या तांब्यात भिजवल्या. तिचा हात दगडाकडं गेला, आणि मागून मनिषा म्हणाली,

"आत्या, लावा तुम्ही. पण आधीच सांगते. उजवा आला तरी मी शाळा बदलणार नाही."

अंगावर पाल पडावी तशी सगळी दचकली. शंभूराजनं कानाला हात लावला. सूरज "अगं" म्हणून थांबला. आबासाहेबांनी नुसतं बानूबाईकडं पाहिलं. बघा तुमची शिकलेली सून.

ही पोर बानूबाईला लेकीहून जवळची. एकादशीला तिच्यासोबत उपास करणारी, दमून आली तरी सप्ताहात पहाटेचा काकडा न चुकवणारी. आणि देवाच्या तोंडावर सांगते, तू काही बोल, मी ऐकणार नाही? हे कुठलं शिकणं? ओली पाकळी बोटाला चिकटून राहिली. दगडावर लागेना.

तिनं मागं वळून विचारलं, "पोरी, कळशीतनं चिठ्ठ्या कुणी काढल्या?"

"मी काढल्या."

"बघून?"

"डोळ्यांना रुमाल बांधून."

"काढायच्या आधी मनात काय म्हणलीस?"

इतका वेळ मनिषा कुणापुढं वाकली नव्हती, आता तिची मान खाली गेली.

"म्हणाले, बिरोबा, आपली शाळा निघू दे. आबांना किती आनंद होईल." ती दगडाकडं बघत होती. "प्रत्येक चिठ्ठी उलगडताना म्हणाले, आत्या. शेवटच्या चिठ्ठीला तर डोळ्यांत पाणी आलं. ती पळसदेवची निघाली."

उसावरून वारा गेला. बानूबाईच्या कानात सकाळचा मंडप भरून आला. टाळ थांबलेले, पखवाज थांबलेला. सगळ्यांच्या शिदोऱ्या एकाच कांबळ्यावर ओतलेल्या, आणि कालवणारा हात देवाचा. मालकाची आणि गड्याची वेगळी निघत नाही म्हणून तर तो काला. त्यातलं ताक आंबट लागलं म्हणून निवडून बाजूला काढायला बसला, तर त्याच्या हातात काय राहील?

तिनं दोन्ही पाकळ्या बोटावरून सोडवल्या. दगडावर लावल्या नाहीत. मनिषाचा हात ओढून घेतला आणि तिच्या तळहातावर ठेवल्या.

मग पदर डोक्यावरून खाली पडू न देता, पण तोंडापुढून बाजूला सारून, ती थोरल्या दिरांकडं वळली. भिंतीकडं नाही. सरळ त्यांच्याकडं.

"आबा, कौल लागलाय. दिवाळीत लागलाय, कळशीत. मी दुसऱ्यांदा लावायची न्हाय."

"चिठ्ठ्या म्हंजी काय कौल हाय का?"

"डोळं झाकून मागितलं, आन् मागितलं ते आलं न्हाय, तरी आलं ते घेतलं. कौल म्हंजी दुसरं काय असतं?" एकदा सुटलं ते सुटलं. "तुमाला ठावं हाय. त्या दुष्काळात मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरायचं का, म्हणून मामंजींनी कौल लावला. डावा आला, जाऊ नका. तुमी तरणं होता. तुमी म्हणला, दादा, आजूनेकदा लावा. काय म्हणलं मामंजी?"

आबासाहेबांनी तोंड उसाकडं फिरवलं.

"मी नवी सून होते. मी ऐकलंय. म्हणलं, देवानं हात पुढं केला, आपुन घट धरला. आता मनासारखं हुईना म्हणून त्येचं मनगाट पिरगाळतोस व्हय रं? आन् ऱ्हायलं हितंच. निम्मी मेंढरं गेली. रोज सकाळी मेलेलं मेंढरू वढून न्ह्यायचं. पर दुसऱ्यांदा कौल लावला न्हाय म्हाताऱ्यानं." तिनं उसापलीकडं, गावाच्या अंगाला दिसणाऱ्या शाळेच्या पत्र्याकडं हात केला. "आन् त्येच्याच नावाची शाळा घुसवायला तुमी देवाचं मनगाट पिरगाळताय."

मग सूरज उठला, चार पावलं चालला आणि मनिषाच्या शेजारी जाऊन उभा राहिला. बानूबाईला त्याच्या उभं राहण्यात त्याचा बाप दिसला.

"गावाला मी काय सांगू?" आबासाहेब शेवटी म्हणाले. आवाज एकदम म्हातारा झाला होता.

"सांगा, चिठ्ठी निघाली न्हाय."

"लोक हसत्याल."

"दोन दिस हसत्याल. मामंजीला वरीसभर हसत होते."

आबासाहेबांनी वहाणा पायात सरकवल्या. "सोमवारी बैठकीला मी जाणार हाय," ते बांधावरूनच म्हणाले आणि मागं न बघता उसाच्या वाटेनं चालू लागले. शंभूराज थोडा वेळ तिथंच रेंगाळला. कुणाच्या मागं जावं, हे त्याला ठरवता येईना.

*

सोमवारी उन्हं अंगणात यायच्या आत मनिषानं प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा धडप्यात बांधला. पळसदेवच्या शाळेची वेळ सकाळची होती. सूरजला पहिली पाळी होती, तो गेला होता, पण जाताना गठ्ठ्याची गाठ त्यानं दोनदा ओढून बघितली होती. इंदापूरची यष्टी चौकातून सुटायला थोडाच वेळ होता.

आबासाहेब बाजेवर पेपर वाचत बसले होते. पेपर आदल्या दिवशीचा होता. जीपची किल्ली त्यांच्या उशाखाली होती आणि मनिषासाठी ती तिथून निघणार नाही, हे घरातल्या मांजरालाही कळत होतं.

"छकुलीचं काय करू, आत्या?" मनिषानं हळूच विचारलं. "घरी ठेवू की नको?"

बानूबाईनं नवं लुगडं नेसलं होतं, सप्ताहात नेसलं तेच. कपाळाला भंडारा होता. तिनं नातीला कडेवर घेतलं, चटणी-भाकरीचं गठुडं हाताला अडकवलं आणि प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा मनिषाच्या हातातून घेऊन डोक्यावर ठेवला.

"तुम्ही कुठं?"

"तू आत परीक्षा घे. मी पोरीला घेऊन दारात बसते. कुणी आत डोकवायचं न्हाय म्हणलीस न्हवं? बघू कोण डोकवतंय."

दोघी अंगणातून निघाल्या. बाजेपाशी आल्यावर बानूबाई थांबली. पूर्वी ती या बाजेला वळसा घालून, गोठ्याच्या बाजूनं जायची.

"आबा, येतो आमी."

पेपरमागून आवाज आला. "सांच्याला बैठक हाय, सांगितलंय मी."

"व्हय की," बानूबाई म्हणाली आणि डोक्यावरचा गठ्ठा सारखा केला. "तुमची बैठक सांच्याला हाय. आमची परीक्षा सकाळची हाय."